विहिरीतला आग्रा

पुण्यात माणसाची किंमत करायची तर त्याच्या पागोट्याकडे बघत नाहीत, घराच्या जोत्याकडे बघतात. जोतं छातीएवढं असलं तर माणूस मोठा, कंबरेएवढं असलं तर बरा, आणि जमिनीलगत असलं तर तो दफ्तरातला कारकून. मी दफ्तरातला कारकून. माझी आजवरची मोठ्यात मोठी मोहीम म्हणजे पर्वतीची चढण, तीही मधे दोनदा बसून.

आमच्या गावचा दगड काळा. जमीन खणा, टेकडी फोडा, नदीत बुडी मारा, हाताला काळाच लागणार. घण बसला की घंटेसारखा वाजतो आणि मारणाऱ्याचे हात खांद्यापर्यंत झिणझिणतात. गावाबाहेरच्या खाणींतून हा दगड गाड्यांवर लादून पेठांत येताना मी लहानपणापासून बघत आलो आहे. खाणीत वडार मंडळी दगडात ओळीने भोकं पाडायची, त्यांत सुक्या लाकडाच्या पाचरी ठोकायची, वर पाणी ओतायची आणि खुशाल भाकरी खायला बसायची. भाकरी संपेपर्यंत पाचरी फुगायच्या आणि दगड आपण होऊन दुभंगायचा. दफ्तरात भांडणं लावायची रीतही हीच असते, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं.

देवळाला हा दगड, घाटाला हा दगड, जोत्यालाही हाच. जोत्याच्या वर मात्र पुण्यात दगड सहसा चढत नाही. तिथून विटा आणि लाकूड. कोणी म्हणतं, वरपर्यंत दगड लावायचा मान राजाचा. कोणी म्हणतं, वर कोण बघतंय. पुण्यात प्रत्येक गोष्टीला अशी दोन कारणं असतात, एक सांगायचं आणि एक खरं.

कारकुनाला खाणीतले चिरे मागवणं झेपत नाही, म्हणून आमच्या नारायण पेठेत एक सोय होती. आधी परसात विहीर खणायची आणि तिच्यातून निघेल त्या दगडाचं जोतं बांधायचं. खड्डा खाली जातो तसं घर वर येतं. खणणं एक, कामं दोन. या हिशोबाने मी विहिरीचं मनावर घेतलं ते पुढे बांधायच्या नव्या घराच्या जोत्यासाठी, आणि आमच्या कुटुंबाने घेतलं ते पाण्यासाठी. कुटुंब म्हणजे माझी बायको. आम्ही एकमेकांची नावं घेत नाही, तेव्हा इथेही ‘ही’च म्हणतो, गोंधळ व्हायचं कारण नाही, मला दुसरी नाही.

पाण्याचं असं होतं की हौदावर गर्दी, म्हणून ही शेजारच्या काकूंच्या विहिरीवर जायची. काकूंचं पाणी गोड. पोहरा वर येईपर्यंत काकू कठड्याशी उभ्या राहून बोलायच्या, ते तितकं गोड नव्हतं. “घ्या हो, घ्या. आमची विहीर म्हणजे काय, गावचीच.” पुढे आमच्या थोरलीचं लग्न वैशाखात ठरलं, तेव्हा काकू म्हणाल्या, “बरं झालं हो. पण वैशाखात आमचीच विहीर तळ दाखवते. तुमच्या पंगती नदीवर उठवा हवं तर. वाराही असतो.”

ही घरी आली, घागर उतरवली आणि म्हणाली, “जोतं किती उंच करायचं ते तुमचं तुम्ही बघा. लग्नाआधी परसात पाणी लागलं पाहिजे. नाहीतर पंगतीला काय वाढणार आहात, शाई?”

म्हणून संक्रांत झाल्यावर लगेच काम धरलं. वडारांचा नाईक आपली माणसं घेऊन आला. हा नाईक मोठा गोड माणूस होता. कोणी काहीही म्हटलं तरी त्याला ते पटायचं. मी म्हणालो, पाणी उथळ लागेल, तर तो म्हणाला, “लागंल की.” काकूंनी भिंतीवरून डोकावून सांगितलं, खोल लागेल, तर तो म्हणाला, “ते बी हाय.” एकदा मात्र त्याने मलाच विचारलं, “धनी, आमी खनलेली हीर तुमास्नी चालती, मग आमच्या हातचं पानी का न्हाय चालत?” मी म्हणालो, शास्त्र आहे. तो म्हणाला, “आसंल.” आणि खाली उतरला. ते शास्त्र कुठलं, ते मला आठवेना.

वरची माती गेली, मुरूम गेला, मग काळा दगड लागला. तो बाहेर येऊन परसात रचला जाऊ लागला तशी माझी चालही बदलली. दफ्तरात मी पागोटं जरा मागे सारून बसू लागलो. माघ सरला, फाल्गुन लागला, आणि शिमगा उलटल्यावर एके दिवशी खालून नाइकाची हाक आली, “धनी, खाली समदं तांबडं हाय.”

मी वाकून बघितलं. काळ्या दगडाच्या खाली विहिरीचा सगळा तळ लालभडक होता. अशी लाली आमच्या गावच्या जमिनीत मी कधी पाहिली नव्हती. अर्थात जमिनीत मी कधी पाहिलंच नव्हतं.

आता साडूबुवांना आणायला हवं. साडूबुवा म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचे यजमान, राहणार शनिवार पेठ. ते लष्कराबरोबर हिंदुस्थानात, म्हणजे उत्तरेत, जाऊन आले होते. लढले नाहीत, हत्तींच्या वैरणीचा हिशोब ठेवत होते, आणि हत्तींचं पोट भरल्याशिवाय लढाई होत नाही, हे त्यांचं म्हणणं मी कधी खोडलं नाही. तिकडून ते तीन गोष्टी घेऊन आले: मोडकं हिंदुस्थानी, मिशा, आणि रेशमी फडक्यात बांधलेला एक लाल दगडाचा तुकडा. हा तुकडा आग्र्याचा. तिकडचे वाडे, कमानी, किल्ले सगळे म्हणे याच दगडाचे. वाळू दाबून केल्यासारखा तो कणीदार होता आणि लाकडासारखा कोरता येतो असं ते सांगत. कोणाच्याही घरी मुंज असो की श्राद्ध, साडूबुवा फडकं सोडायचे. “हे पत्थर बघा. आणि आपला बघा. काळा. कढईच्या बुडासारखा.” पुण्यात जन्मून पुण्याच्या दगडाची लाज वाटणारा हाच माणूस मी पाहिला. बाकीच्यांना पुण्याबाहेरच्या सगळ्याच दगडांची लाज वाटते.

साडूबुवा आले. विहिरीतलं एक लाल ढेकूळ वर काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी फडकं सोडलं, दोन्ही तुकडे शेजारी धरले. एक कणीदार, दुसरा लोण्यासारखा मऊ. माझा चेहरा पडला.

“कोवळा आहे,” साडूबुवा म्हणाले.

“म्हणजे?”

“म्हणजे आग्र्याचा दगड म्हातारा, हा कोवळा. जात एकच.” मग त्यांनी ढेकूळ जिभेला लावलं, आणि ते जिभेला चिकटलं. साडूबुवांनी हात काढून घेतला तरी ते तसंच लोंबत राहिलं. आम्ही सगळे बघत होतो. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, पण जीभ मोकळी नव्हती. शेवटी ढेकूळ ओढून काढलं आणि ते म्हणाले, “बघितलंत? अस्सल असला तर पकडतो.”

नाईक म्हणाला, “पकडतो की.”

ही स्वयंपाकघराच्या दारातून हे सगळं बघत होती. म्हणाली, “कच्चं मडकंही पकडतं.” पण बायकांच्या बोलण्याकडे लक्ष न देण्याइतका मी त्या क्षणी मोठा झालो होतो.

साडूबुवांची मसलत अशी पडली: विहीर खाली नेणं थांबवायचं, बाजूंनी लाल दगड कोरून काढायचा, आणि त्याची पुढच्या दाराला चौकट करायची. नारायण पेठेत लाल दगडाची चौकट. सगळ्या पुण्यात नाही अशी चौकट. त्या दुपारी मी न झालेल्या चौकटीत उभा राहून पाहिलं. एक हात कमरेवर बरा दिसतो की दोन्ही, एवढंच ठरायचं राहिलं.

ही म्हणाली, “आणि पाणी?”

मी म्हणालो, “पाणी काय, सगळ्यांकडे असतं.”

“हो, काकूंकडे आहे,” ही म्हणाली, आणि घागर उचलून गेली.

बातमी पेठेत फिरली आणि लोक बघायला यायला लागले. पुण्यात कोणी खड्डा खणला तर त्यात आपलं मत टाकल्याशिवाय माणूस परतत नाही. एका वैद्यबुवांनी सांगितलं की लाल जमिनीवरचं घर उष्ण पडतं. एका शास्त्रीबुवांनी, लाल दगड चौकटीला शास्त्राने चालतो का, असा प्रश्न काढला, आणि जमलेल्यांनी तो दोन्ही बाजूंनी इतका लढवला की दुपारची जेवणं राहिली. निर्णय असा झाला की चालतो, मात्र दुसऱ्याने आधी लावलेला असावा. दफ्तरात तर मला नवीनच मान मिळाला. शेजारचा कारकून रोज विचारायचा, “काय, आग्र्याला राहायला कधी जाताय?” तो टोमणा आहे हे मला फार उशिरा कळलं; तोवर मी त्याला रोज मनापासून उत्तर देत होतो.

खाली वडार खुशीत होते. पहार लागत नव्हती, घण लागत नव्हता. “लई बेस दगड हाय धनी,” नाईक सांगायचा. “हातानं निघतुया.” ज्या दगडाला घण लागत नाही त्याला दगड का म्हणायचं, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला होता. पण चौकट त्याच्याआधी येऊन बसली होती, त्यामुळे त्याला जागा मिळाली नाही.

चौकटीवर कमळ कोरायला एक पाथरवट बोलावला. त्याने छिन्नी टेकवली, हलकेच ठोकली, आणि कमळाच्या जागी भगदाड पडलं. दुसरा ठोकळा घेतला, त्याचं पीठ झालं. पाथरवट मला म्हणाला, “अहो, हे कोरायचं नाही, मळायचं काम आहे. कुंभाराला बोलवा.” साडूबुवांनी त्याला वाटेला लावलं. कोवळ्या दगडाला हवा लागू द्यावी लागते, हिंदुस्थानातही तसंच करतात, मुरला की लोखंड होतो, असं त्यांनी मला समजावलं. म्हणून लाल ठोकळे परसात रचून वर गवत घातलं आणि ते मुरायची वाट बघत बसलो. ठोकळ्यांनी ओसरी गेली, न्हाणीची वाट गेली. विहिरीचा तळ जिथल्या तिथे. चैत्र उजाडला. काकूंच्या विहिरीवर चऱ्हाटाला नवी गाठ मारून लांबी वाढवावी लागली, हे मला घरात कोणी सांगितलं नाही. कारण ही माझ्याशी बोलणं बंद करून चुकली होती. वाढायची, पण पानाशी बोलायची. “भात हवा असेल तर आहे,” असं पानाला सांगायची.

आता तिने काय केलं ते मी दफ्तरात असल्यामुळे प्रत्यक्ष पाहिलं नाही. नंतर चारचौघींकडून तुकड्यातुकड्याने कळलं. चैत्रगौरीचे दिवस होते. या दिवसांत घरोघरी अंगण गेरूने सारवून त्यावर चैत्रांगणाची रांगोळी काढतात, तुळशीवृंदावनाला नवा गेरू देतात. त्यासाठी चांगला गेरू बाजारात शोधायचा म्हणजे बायकांना कोण यातायात. तर ही पाण्याला गेली असताना काकूंच्या कानाशी लागून म्हणाली, “आमच्या विहिरीत गेरू निघालाय, असा की अंगण कुंकवासारखं दिसतं. पण कोणाला बोलू नका हं. सगळ्या पेठेला नाही पुरायचा.”

काकूंना एवढं पुरे होतं. मग हिने आमच्याकडचं हळदीकुंकू ठरवलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, आणि वाण म्हणून गेरू, जिला जितका नेता येईल तितका.

मी दफ्तरातून परतलो तर बोळात पाय ठेवायला जागा नाही. बायकाच बायका. प्रत्येकीच्या कमरेवर पाटी, पाटीत लाल ढेकळं, हात कोपरापर्यंत लाल, लुगड्यांना लाल ठसे. मला वाटलं पुन्हा रंगपंचमी आली. दाराशी पोचलो तर तिथे साडूबुवा उभे. आत हळदीकुंकू चाललेलं, पुरुषमाणसाने आत जायची सोय नाही. ज्या माणसाला हत्ती वाट सोडत, त्याला सवाष्णी वाट सोडत नव्हत्या.

“राव, आतून माझा दगड चाललाय,” ते मला म्हणाले.

“माझी चौकट,” मी म्हणालो.

आम्ही दोघे ओट्याच्या कडेला बसून आपल्या मालमत्तेची मिरवणूक बघत राहिलो. काकू गेल्या, एका हातात पाटी आणि दुसऱ्या हातात कळशी भरून ढेकळं. परत रिकामी पाटी घेऊन आल्या, परत गेल्या. शास्त्रीबुवांची सूनही गेली. शास्त्राचा प्रश्न तिच्यापुरता सुटला असावा. शेवटी सगळ्यांत मोठी पाटी बाहेर आली. ती दोघींनी धरली होती, आणि पुढच्या अंगाला होती साडूबुवांचीच बायको.

“अगं,” साडूबुवा म्हणाले, “अगं, हा आग्र्याचा...”

“बाजूला व्हा. पाय घसरेल,” ती म्हणाली.

परसातले ठोकळे पहिल्याच संध्याकाळी संपले. तरी मागणी थांबेना. जिला मिळाला नाही ती दुसऱ्या दिवशी आली, जिला मिळाला ती नणंदेला घेऊन आली. वडार खालून लाल माती काढत होते आणि वरच्या वर पाट्या भरून जात होत्या. वाहून टाकायलासुद्धा गाडी लागली नाही. पुण्यात फुकट म्हटल्यावर कुठलाही डोंगर हलतो. पाहता पाहता खालचा काळा दगड उघडा पडला.

मी हिला म्हणालो, “एवढी चौकटीची जिन्नस होती. निदान विचारायचं तरी.”

बऱ्याच दिवसांनी ही माझ्याकडे बघून बोलली. “दगड म्हटलं असतं तर काकूंनी चिमूटभर तरी उचलला असता का?”

“साडूबुवा काय म्हणतील?”

“त्यांचं अंगण बघून या. ताईने आग्रा छान सारवलाय.”

नाईक मात्र खट्टू झाला. “आता काळं लागलं धनी. आता हात जातील,” म्हणाला. हिने त्याला विचारलं, “काळ्यात पाणी लागेल ना?” तो म्हणाला, “लागंल की.” या वेळी मात्र ते खरं ठरलं. त्याच्या नेहमीच्या ‘लागंल की’पेक्षा यात काही जास्त शहाणपण होतं असं मला वाटत नाही. लाल थर जिथे खालच्या काळ्या दगडावर बसला होता त्या सांध्यातून भिंती आधी ओल्या दिसल्या, मग घामेजल्या, मग चारी बाजूंनी धारा लागल्या. काळ्यात पुरेशी खोली होईतो वडार ढोपरभर पाण्यात उभे राहून काम करत होते. चैत्र संपायच्या आत विहिरीला पाणी झालं. चौकटीचं म्हणाल तर ती पुढे लाकडाची झाली. जोतं काळंच, कंबरेपेक्षा जरा कमी.

पाणी झालं, पण ते लाल झालं. भिंतीत लाल थराचा जो पट्टा उरला होता तो धुपत होता, आणि काळ्या चिऱ्यांनी तो बांधून काढायला लग्नाआधी सवड नव्हती. गुरुजी जलपूजनाला आले. लाल पाणी शुभ की अशुभ, असं मी विचारलं. त्यांनी पंचांग पाहिलं, पाणी पाहिलं, आतल्या पुरणाचा वास घेतला आणि शुभ म्हणाले. हिने प्यायचं पाणी तुरटी फिरवून, दुहेरी फडक्यातून गाळून ठेवायला सुरुवात केली. ते स्वच्छ व्हायचं. वापरायचं पाणी मात्र जसं येई तसं. आमची धोतरं त्या उन्हाळ्यात फिक्या गुलाबी रंगाची झाली. दफ्तरातल्या त्याच कारकुनाने विचारलं, “आग्र्याचा पोशाख वाटतं?” या खेपेला मी उत्तर दिलं नाही.

लग्नाच्या दिवशी वरपक्ष आला. मंडळी साताऱ्याकडची, माणसं मोठी, जोतं छातीएवढं. मला रात्रभर एकच धास्ती होती: या लाल पाण्याचं त्यांना काय सांगायचं. गढूळ पाण्याने पाय धुतले म्हणून व्याही रुसले तर मुलीला जन्मभर ऐकावं लागणार. व्याही पाटावर बसले. मी समोर उकिडवा बसलो, परात पुढे ओढली. ही मागून तांब्याने पाणी घालू लागली. ते परातीत पडलं आणि व्याह्यांच्या गोऱ्या पायांभोवती तांबूस झालं.

व्याह्यांनी वाकून बघितलं. मागे बोलत असलेल्या आपल्या माणसाला हाताने थांबवलं, परत बघितलं.

“हे काय?” ते म्हणाले. “पाय धुवायला केशराचं पाणी?”

साडूबुवा खांबाशी उभे होते. त्यांनी काही सांगायला तोंड उघडलं आणि त्यांच्या बायकोने त्यांचं उपरणं मागून धरलं. मीही तोंड उघडलं. मला वाटतं मी खरंच सांगणार होतो. पण हिच्या बांगड्या माझ्या कानाशी वाजल्या, आणि तांब्यातलं पाणी व्याह्यांच्या पायांऐवजी थोडं माझ्या मनगटावर पडलं.

“एवढा खर्च कशाला केलात?” व्याही म्हणाले, पण आवाजात तक्रार नव्हती.

“पाहुणे रोज येतात का?” ही म्हणाली.

व्याह्यांनी मान डोलावली आणि दुसरा पाय पुढे केला.